सायकल कोणाची, रस्ता कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सायकलीचा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावा, याचे काहींना नवल वाटेल. महागाई, बेकारी, शिक्षणाचे व्यापारीकरण असे जीवनमरणाचे प्रश्न पुढ्यात असताना या दोन चाकांच्या गरीब वाहनाची चर्चा म्हणजे निवांत माणसांचा छंद, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. ही शंका अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या शहरांतून सायकलीविषयी जे बोलले गेले, त्यातले पुष्कळसे बोलणे रविवारच्या पहाटेचे, शिरस्त्राणाचे आणि रंगीत पोषाखाचे होते. आरोग्य, शुद्ध हवा, पर्यावरण हे त्याचे विषय. ते बोलणे खोटे नव्हते. परंतु ज्याची रोजी सायकलीवर चालते तो दूधवाला, तो वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, कॅरियरला डबा आणि हत्यारांची पिशवी बांधून बांधकामावर निघालेला गवंडी त्या बोलण्यात कोठेच नव्हता. सायकलीची चळवळ आणि सायकलीवरचा माणूस यांची आपल्याकडे अजून गाठच पडलेली नाही. ही गाठ घालून देण्याचे काम कोणाचे, हा आजच्या चर्चेचा विषय आहे.

समाजवादी चळवळीला हे वाहन परके नाही. इंग्लंडात रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी पत्राच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅम येथे सायकल क्लब काढला. सुटीच्या दिवशी खेडोपाडी सायकलीने जावे, पत्रके वाटावीत, सभा घ्याव्यात असा त्यांचा क्रम असे. जर्मनीत १८९६ साली ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ हा संघ स्थापन झाला. त्याची सदस्यसंख्या पुढे लाखांच्या घरात गेली, त्याने सायकलींचा स्वतःचा सहकारी कारखानाही चालवला आणि १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींना तो मोडून काढावासा वाटला. दोन चाकांचे यंत्र हुकूमशाहीला धोकादायक का वाटावे? कामगाराला मालकाच्या चाळीपासून आणि आगगाडीच्या वेळापत्रकापासून मोकळे करणारे, त्याच्या स्वतःच्या मालकीचे, त्याला स्वतःला दुरुस्त करता येणारे असे ते पहिले वाहन होते. आपल्याकडे डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा जो आग्रह धरीत, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना, कामावर कसे जाता, असे विचारले गेले. त्यांतील जवळजवळ १३ टक्के लोक सायकलीने जात होते आणि २२ टक्क्यांहून अधिक पायी जात होते. मोटारीने जाणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. याचा अर्थ, मोटारीतून कामावर जाणाऱ्या एका माणसामागे चार-पाच माणसे पायडल मारीत जात होती. ही आकडेवारी आता जुनी झाली आणि मध्यंतरी मोटारसायकली फार वाढल्या, हे खरे. पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांत सायकल आढळली, तर मोटार सुमारे ८ टक्के कुटुंबांत. आणि तरीही आपल्या शहरांतले उड्डाणपूल, रुंदीकरणे, वाहनतळ कोणासाठी बांधले जातात, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

शहरातील रस्ता ही सार्वजनिक मालकीची जमीन आहे, हे आपण विसरतो. जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुळे, कमाल धारणा, गायराने येतात. परंतु शहरातली सर्वांत मोठी सार्वजनिक जमीन रस्त्याखाली आहे आणि तिचे वाटप रोज, कोणताही ठराव न होता, चाकांच्या बळावर होत असते. एक मोटार रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात. त्या मोटारीला बहुतेक ठिकाणी भाडे पडत नाही. फळांची हातगाडी त्याच जागी लागली तर मात्र ते अतिक्रमण ठरते! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने, वाहने नव्हे तर माणसे हलवणे हे वाहतुकीचे उद्दिष्ट मानले. धोरणाचे शब्द चांगले होते. रस्त्याचे वाटप मात्र होते तसेच राहिले.

पुण्याचे उदाहरण घेऊ. कारण एके काळी या शहराची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. प्राध्यापक, कारकून, नगरसेवक, धुणे-भांडी आटोपून शाळेत शिकवायला निघालेल्या शिक्षिका, सगळे एकाच उंचीवर बसून जात. महापालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा, डबलसीट बसल्याबद्दलचा दंड यांच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. गल्लोगल्ली तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. मालकाला तोंडओळख पुरत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुष्कळांना सायकल परवडत होती म्हणून ते सायकल वापरीत नव्हते, तर दुसरे काही परवडत नव्हते म्हणून वापरीत होते. पण त्यामुळे एक गोष्ट घडली होती, ती ही की रस्त्यावर सायकलवाल्याचा दबदबा होता. वळताना बसचालक त्याच्यासाठी थांबे.

मग हे शहर सायकलीवरून उतरले कसे? लोकांची हौस बदलली, असे उत्तर दिले जाते. ते अर्धे खरे आहे. १९७२ साली ‘लूना’ आली. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत. पैसा आला तशी माणसे गेली, यात नवल नाही. पण दुसरे अर्धे उत्तर नियोजनाचे आहे. शहराची हद्द १९९७, २०१७ आणि २०२१ साली वाढत गेली, घर आणि काम यांच्यातले अंतर वाढले, आणि त्या अंतरात भरवशाची बस मिळाली नाही. मध्यवस्तीत एकेरी वाहतुकीचे रस्ते झाले. फर्ग्युसन रस्त्याने एकाच दिशेने जायचे आणि जंगली महाराज रस्त्याने यायचे, ही व्यवस्था मोटारीच्या सोयीची असेल. सायकलवाल्याला मात्र प्रत्येक वळसा पायांनी भरून काढावा लागतो. इंजिनाला एक किलोमीटरचा फेरा म्हणजे एक मिनिट. दिवसभर उभे राहून दमलेल्या माणसाला तो फेरा म्हणजे उलट दिशेने घुसण्याचे निमंत्रण. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये अनेक एकेरी रस्त्यांवर सायकलीला दोन्ही दिशांनी मुभा असते, पाटीवर तसे लिहिलेले असते. आपल्याकडे ती मुभा द्यायचे कोणाला सुचले नाही आणि उलट जाणाऱ्या सायकलवाल्याला बेशिस्त ठरवून सारे मोकळे झाले. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकून गेली.

सायकल मार्ग झालेच नाहीत, असे नाही. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून पुण्याला पैसे मिळाले. २००६ च्या अखेरीस स्वारगेट ते कात्रज हा जलद बसमार्ग सुरू झाला, आणि अशा रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही बांधले गेले. ते कसे आहेत हे पाहायचे असेल तर एखाद्या कार्यकर्त्याने सकाळी आठ वाजता सायकल घेऊन त्यावरून जावे. प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी मार्ग खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. मध्ये विजेचे खोके, झाड, बसथांब्याची पाठ. सिमेंटचे ठोकळे उचकटलेले. पुढे फळविक्रेता बसलेला, त्याच्यापुढे दुचाक्या लावलेल्या. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब इतके जवळ, की दुधाच्या किटल्या लावलेली सायकलही आत शिरत नाही. आणि जेथे खरा धोका, त्या चौकाच्या वीस पावले अलीकडे मार्ग संपतो! सायकलवाल्याला जेथे संरक्षण हवे तेथेच त्याला सोडून देणारा हा मार्ग आहे. मग तो मार्ग न वापरता रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून, ‘बांधून दिले तरी वापरत नाहीत’, असे म्हटले जाते. ज्याने मार्ग आखला तो त्यावरून एकदाही गेलेला नव्हता, एवढाच याचा अर्थ.

फळविक्रेत्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. सायकल मार्ग मोकळा करा, अशी मागणी झाली की अतिक्रमण विभागाची गाडी प्रथम हातगाडीवाल्याकडे येते, उभ्या मोटारींकडे येत नाही. सायकलप्रेमी संघटनांनी अजाणता पथारीवाल्यांविरुद्ध साक्ष देऊ नये. गवंड्याचा मार्ग मोकळा करण्यासाठी भाजीवालीचे पोट मारायचे, हा आपला मार्ग नव्हे. रस्त्याची आखणी करतानाच विक्रेत्याला जागा दिली तर दोघेही राहू शकतात. जागा निघायची ती वाहनतळातून.

२०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. एका शहराने सायकलीसाठी स्वतंत्र आराखडा करावा, ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्यासाठी झगडणाऱ्या नागरिकांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास शहराच्या कल्पनेत सायकल म्हणून जी ठसली, ती मोबाइलवरून कुलूप उघडणारी, खाजगी कंपन्यांची रंगीत सायकल. हजारो सायकली आल्या. उद्घाटने झाली, छायाचित्रे आली. दोनएक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. काही मोडल्या, काही नदीत सापडल्या. पुणेकरांना शिस्त नाही, असा निष्कर्ष काढून विषय संपवण्यात आला. शिस्त नव्हती हे मान्य करू. पण ज्या योजनेत पहारेकऱ्याला, मोलकरणीला, शाळकरी मुलाला स्थान नव्हते, जिचा हिशेब भांडवलदारांच्या गुंतवणुकीवर होता आणि जी गुंतवणूक आटताच अदृश्य झाली, ती योजना लोकांची कशी व्हावी? अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलपाशिवाय रस्त्यावर ठेवल्या होत्या, कोणीही घ्याव्यात आणि सोडाव्यात म्हणून. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण सायकलीला कुलूप असलेच पाहिजे असा कायदा होता. त्या कल्पनेची अर्धशतकानंतर ही अवस्था झाली की कुलूप तेवढे राहिले.

येथे कोणीतरी म्हणेल की हॉलंडची गोष्ट वेगळी. तो सपाट देश, थंड हवा, लोकांना सायकलीचे वेडच. हा समज इतका रूढ आहे की त्याचे निरसन जरा विस्ताराने केले पाहिजे. १९५० आणि ६० च्या दशकांत हॉलंडमध्येही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या, रस्ते रुंद करण्यासाठी घरे पडली, जुने चौक वाहनतळ झाले. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली; त्यांत ४०० हून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेत जाताना मोटारीखाली सापडली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातून एका चळवळीला नाव मिळाले: ‘मुलांची हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्यांनी वापरला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आईबाप रस्त्यावर उतरले. धोक्याचे रस्ते त्यांनी अडवले, रस्त्यात टेबले मांडून जेवणाच्या पंगती घातल्या, खासदारांना गाठले. १९७३ च्या अरब–इस्रायल युद्धानंतर तेल तुटले, त्या नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद राहिल्या आणि लोकांनी आपले रस्ते कित्येक वर्षांनी शांत पाहिले. १९७५ साली सायकलस्वारांची स्वतंत्र संघटना निघाली. हेग आणि टिलबर्ग येथे पहिले प्रयोग झाले तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला. पुढे डेल्फ्ट शहराने सुटे सुटे मार्ग न बांधता सबंध शहरभर जाळे विणले. २०१० साली रस्त्यावर मेलेल्या मुलांची संख्या १४ होती.

म्हणजे आज जे हॉलंडचे वैशिष्ट्य मानले जाते, ते निसर्गाने दिलेले नाही. ते मागणीने मिळवलेले आहे. मागणी सायकलीची नव्हतीच मुळी, ती मुलांच्या जिवाची होती. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती आणि ४,८०० च्या आसपास सायकलीवरची. या मृत्यूंवर कोणी मोर्चा काढल्याचे आठवते काय?

सायकलवाल्याला संरक्षण देण्याऐवजी त्यालाच रस्त्यावरून हाकलण्याचे उदाहरण कलकत्त्याचे आहे, आणि ते डाव्या विचाराच्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावे. तेथे २००८ साली, डाव्या आघाडीचे राज्य असताना, प्रमुख रस्त्यांवर सायकलींना बंदी घालण्यास सुरुवात झाली. राज्य बदलले, बंदी राहिली, किंबहुना वाढली. २०१३ साली ती दीडशेहून अधिक रस्त्यांवर पोहोचली. वाहतूक मंदावते, हे कारण. दूधवाले, मासळीवाले, कारागीर, वर्तमानपत्रवाले यांना पोलिस अडवू लागले, दंड करू लागले, सायकली जप्त होऊ लागल्या. विरोधानंतर रस्त्यांची यादी काहीशी आखडली. २०२० च्या साथीत बसगाड्या बंद पडल्या, तेव्हा मात्र माणसे कामावर यायला हवी होती म्हणून सरकारने सायकलीला मोकळीक दिली. त्याच राज्यात २०१५ पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सरकार सायकली वाटत आले आहे. एका हाताने सायकल द्यायची आणि राजधानीत ती चालवली तर दुसऱ्या हाताने दंड घ्यायचा! गरिबाला वस्तू देणे सरकारला सोपे असते. त्या वस्तूसाठी रस्ता देणे कठीण असते. कारण रस्ता द्यायचा तर तो कोणाकडून तरी काढून घ्यावा लागतो.

वाटपाच्या योजना निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीने स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी बँकांना सायकलीसाठी कर्जे द्यायला लावली. पी. साईनाथ यांनी या घटनेचे वर्णन केले आहे. दगडखाणीतल्या मजुरणी, शेतमजुरणी, आरोग्यसेविका हजारोंनी सायकल शिकल्या. टोमणे खावे लागलेच. बायकांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या आणि दांडीवर मूल बसते म्हणून त्याच पसंत केल्या. पाणी, भाजी, मूल, माल सारे त्या एका खेपेत नेऊ लागल्या आणि बसची, नवऱ्याची वा भावाची वाट पाहणे संपले. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणारी योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले, मुलगे-मुली यांतली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत झाली, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील मुलींना सायकली देण्यात आल्या. या मुली पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात येतात तेव्हा त्यांची सायकल गावीच राहते. शहरात ती चालवायला जागा नाही, ठेवायला जागा नाही, आणि संध्याकाळी अंधारलेल्या रस्त्याने एकटीने जायचे धैर्य करावे, असा दिवा नाही.

कराचा मासला पाहा. २०१९ च्या ऑगस्टपासून विजेवर चालणाऱ्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर ५ टक्के करण्यात आला. पंचवीस लाखांच्या विजेच्या मोटारीलाही तोच दर. साध्या पायडलच्या सायकलीवर मात्र १२ टक्के कर होता, तो २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. सहा वर्षे मजुराच्या सायकलीवर श्रीमंताच्या मोटारीहून दुपटीपेक्षा जास्त दराने कर घेतला गेला, आणि तोही पर्यावरणाच्या नावाने! २०२० साली ३ जूनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा ‘अ‍ॅटलस’ सायकलींचा कारखाना बंद पडला आणि शेकडो कामगारांना घरी बसावे लागले. त्याच्या आधीचे काही आठवडे टाळेबंदीत अडकलेले मजूर जुन्या सायकली विकत घेऊन शेकडो किलोमीटरवरची आपली गावे गाठत होते.

अंतर, ऊन, पाऊस यांचे आक्षेप खरे आहेत. सतरा किलोमीटर सायकल मारून कामाला जा, असे कोणी कामगाराला सांगू नये. तो उपदेश निर्दय होईल. बस हा शहरी गरिबाचा कणा आहे आणि सायकलीची मागणी बसच्या मागणीपासून तोडता येत नाही. घरापासून थांब्यापर्यंतचे दोन किलोमीटर सायकलीने, तेथे पहारा असलेला स्टँड, पुढे बस, अशी ती सांगड आहे. एसटी स्थानकावर सायकल ठेवून तालुक्याला नोकरीला जाणारी माणसे खेडोपाडी हे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. इव्हान इलिच यांनी १९७४ च्या सुमारास हिशेब मांडला होता की अमेरिकन माणूस मोटार चालवण्यात आणि तिच्यासाठी पैसा कमावण्यात वर्षाकाठी १,६०० तास घालवतो आणि १२,००० किलोमीटर जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी आठ किलोमीटरहूनही कमी. हप्त्यावर मोटारसायकल घेतलेल्या आपल्या कंत्राटी कामगाराचा असा हिशेब कोणत्या तरी कामगार संघटनेने मांडून पाहावा.

आता करायचे काय, याविषयी. मोठ्या योजनांची मागणी करण्यापूर्वी कार्यकर्त्यांच्या हाती एक साधे हत्यार आहे, ते वापरले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकल मार्गांचे मानक प्रसिद्ध केले. गर्दीच्या तासाला रस्त्यावरून ४०० सायकली जात असतील आणि मोटारी शंभर ते दोनशे असतील, तर स्वतंत्र सायकल मार्ग करावा, असे त्यात म्हटले होते. मोटारी ताशी २०० हून अधिक असतील, तर १०० सायकलीही पुरेत. आपल्या शहरांतल्या कोणत्याही हमरस्त्यावर आज ताशी २०० मोटारी ही काहीच संख्या नव्हे. म्हणजे त्या मोजमापाने तासाला शंभर सायकली दाखवता आल्या की मार्गाची मागणी ही याचना राहत नाही. अभियंत्यांच्या स्वतःच्या शास्त्राने ती मान्य केलेली असते.

यात एक पेच आहे. जो रस्ता इतका धोक्याचा झाला की त्यावर सायकलवाला येईनासाच झाला, तेथे शंभर भरणार कोठून? पूल बांधायचा की नाही हे नदी पोहून जाणारांच्या संख्येवरून कोणी ठरवीत नाही. सायकलीच्या बाबतीत मात्र नेमके तसेच ठरवले जाते. म्हणून केवळ हमरस्ता मोजून चालणार नाही. त्याच्या मागच्या गल्ल्या, वस्तीतून कारखान्याकडे जाणारी पायवाट, रेल्वेखालचा बोगदा, शाळेचे फाटक येथेही उभे राहिले पाहिजे. आणि वेळ निवडताना साडेनऊची कचेरीची वेळ निवडू नये. श्रमिकांची सायकल पहाटे पाच ते सात या वेळात आणि पाळी सुटल्यावर रात्री दिसते. नियोजनकार झोपलेले असताना ती शहर ओलांडून गेलेली असते. महापालिकांच्या पाहण्यांतून ती निसटते याचे हेही एक कारण आहे.

मोजणीला चौकातल्या पंक्चरवाल्याला सोबत घ्यावे. कोणत्या वस्तीतून किती सायकली येतात, कोणत्या खड्ड्यात आरे तुटतात, कोठे सायकली चोरीला जातात, हे त्याच्याइतके कोणत्याही सल्लागार कंपनीला ठाऊक नसते. आणि तिला लाखो रुपये दिले जातात. त्याच्या दुकानाला पथारीचा परवाना नसेल तर तो मिळवून देणे हेही सायकलीचेच काम आहे. हौसेने सायकल चालवणारे जे मध्यमवर्गीय तरुण आहेत, त्यांची टिंगल करू नये. त्यांच्यापाशी वेळ आहे, कागद करण्याची सवय आहे, साहेबाच्या खोलीत बसायला खुर्ची मिळते. पहाटे पाचला चौकात उभे राहायला त्यांना बोलवावे, ते येतात.

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची पद्धत आहे. मार्च २०२२ नंतर अनेक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, त्या काळात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. पण लेखी निवेदनाची आवक नोंदवून घेणे प्रशासकालाही टाळता येत नाही. मागण्या लहान असाव्यात, तपासता येतील अशा असाव्यात. अमुक फाटकाशी उतार नीट करा. अमुक खांबांमधले अंतर किटलीची सायकल जाईल इतके ठेवा. अमुक एकेरी रस्त्यावर सायकलीला सूट देणारी पाटी लावा. रुग्णालयात, भाजी मंडईत आणि क्षेत्रीय कार्यालयात मोफत सायकल स्टँड द्या. बोगद्यात दिवे लावा.

मोजणीचा तक्ता एका पानाचा असावा. वरती रस्त्याचे नाव, तारीख, वेळ. खाली पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुले आणि माल वाहणाऱ्या सायकली वेगळ्या. शेजारी मोटारी आणि मोटारसायकली. दोन माणसे, दोन दिशा, एक पेन्सिल प्रत्येकी. एकाच आठवड्यातले तीन कामाचे दिवस मोजावेत आणि पावसाळ्यात एकदा पुन्हा. मग तीन प्रती कराव्यात: एक क्षेत्रीय कार्यालयात आवक-क्रमांक घेऊन द्यावी, एक वाहतूक पोलिसांच्या शाखेत, आणि तिसरी त्या पंक्चरवाल्याच्या दुकानात खिळ्याला लावून ठेवावी.